परसात कोंबड्यांचं खुराडं: बांधावं, करून घ्यावं की तयार आणावं? (सोलापूर)

माळरान
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात आमचं बैठं घर आहे. मागे साधारण १५ बाय १० फूट मोकळी जागा, एका कोपऱ्यात शेवगा, पश्चिमेला कंपाउंडची भिंत. आई आता गावाकडून कायमची आमच्याकडे आली आहे. तिचा सगळा जन्म कोंबड्यांच्या मागं गेला, इथं तिला दिवस खायला उठतो. म्हणून पाच-सहा गावरान कोंबड्या पाळायचं ठरवलंय.

प्रश्न खुराड्याचा आहे. गवंडी म्हणतो दोन दिवसांत विटांचं बांधून देतो. फॅब्रिकेटर म्हणतो लोखंडी करून घ्या, उद्या घर बदललं तर उचलून नेता येईल. मुलगी मोबाइलवर तयार लाकडी खुराड्यांचे फोटो दाखवते. आईचं एकच म्हणणं, "बुरडाकडनं मोठं डालगं आण, बाकी काही नको." (डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली.)

माझ्या मते सोलापुरात पहिला विचार उन्हाचा करायला हवा. मे महिन्यात पारा ४३-४४ला जातो, तेव्हा आत बसलेली कोंबडी जगली पाहिजे. दिसायला कसंही असलं तरी चालेल. ज्यांनी आपल्या भागात कोंबड्या पाळल्यात त्यांनी कृपया सविस्तर सांगा. पक्षी आणण्याची मला घाई नाही, आधी निवारा नीट करायचा आहे.

शेंगाचटणी
आईंनी डालगं सांगितलंय ना? मग आम्हाला कशाला विचारताय मालक, विषय संपला की वो :)

होटगी_रोड
मी लोखंडीच्या बाजूने. आमच्याकडे ६ फूट लांब, ४ फूट रुंद, ५ फूट उंच असा सांगाडा आहे, एक इंची चौकोनी पाइपचा. हिशेब सांगतो म्हणजे फॅब्रिकेटरशी बोलताना उपयोगी पडेल. नुसत्या बाहेरच्या चौकटीला ६० फूट पाइप लागतो. २ मिमी जाडीचा एक इंची पाइप मीटरला साधारण १.४ किलो भरतो, म्हणजे चौकट २६ किलोच्या आसपास. दार, मधले आडवे पाइप, पाय धरून ३५ किलोपर्यंत जातं. आपल्याकडे बहुतेक जण किलोवर दर लावतात, तेव्हा आधी वजन काढून जा. जाळी आणि पत्र्याचे पैसे वेगळे.

महत्त्वाचं म्हणजे जाळी. ती षटकोनी, हाताने वाकणारी कोंबडीजाळी असते ना, ती फक्त कोंबडीला आत ठेवते. बाहेरच्याला अडवत नाही. कुत्र्याने पंजा मारला की फाटते. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (तारा जोडांवर वेल्ड केलेली ताठ जाळी) घ्या, गॅल्व्हनाइज्ड. पैसे वाचवायचे असतील तर पाइपात वाचवा, जाळीत वाचवू नका.

काळी_माती
होटगी_रोड यांच्याशी जाळीबाबत सहमत. विटांच्या बांधकामाबद्दल मी सांगतो, कारण माझा धंदाच तो आहे.

माळरानराव, तुमची जमीन काळी असेल तर गवंड्याच्या दोन दिवसांवर जाऊ नका. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. घराला आपण खोल पाया घेतो, खुराड्याला कोणी घेत नाही. नुसत्या मातीवर चार थर रचले की दुसऱ्या उन्हाळ्यात भिंतीला तडा जातो आणि त्या तड्यातून घूस आत येते. बांधायचंच असेल तर दीड-दोन फूट काळी माती काढून टाका, मुरूम भरून चोपा, मग जोतं घ्या. जोतं जमिनीपासून फूटभर वर असू द्या.

तळाला शहाबादी फरशी घाला. आपल्याकडे ती मुबलक आणि धुवायला सोपी. छपराला मात्र शहाबादी नको. दिवसभर तापते आणि रात्री ती सगळी धग खाली सोडते. तीच गोष्ट चारी बाजूंनी बंद भिंतींची. वीट दिवसाचं ऊन रात्रीपर्यंत धरून ठेवते आणि कोंबड्या नेमक्या रात्री आत असतात. म्हणून भिंत दोन फुटांपर्यंतच घ्या आणि वर सगळी जाळी. दोन्हीचा फायदा मिळतो.

पूर्व_भाग
कूलर घ्या बे, जुना कूलर!

मस्करी नाही, खरंच सांगतोय. भंगारात मोठे लोखंडी कूलर पडलेले असतात. पंखा आणि मोटर काढली की तयार पेटी हातात येते, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्यांची मोकळी चौकट असते, तिथं वेल्डमेश मारायची. खालचा पाण्याचा टब म्हणजे आयता तळ. घासून रेड ऑक्साइड मारा, मग ऑइलपेंट. चार कोंबड्यांची रात्रीची सोय होते. आमच्या गल्लीत असे दोन-तीन आहेत. आत बसायची काठी म्हणून बंद पडलेल्या मागाचं लाकूड वापरलंय, घासून घासून इतकं गुळगुळीत झालेलं असतं की कोंबडीच्या पायात लाकडाची सल जात नाही.

शेंगाचटणी
म्हणजे सोलापुरात माणसं कूलरसमोर आणि कोंबड्या कूलरमध्ये. न्याय आहे हा.

वैरागची_लेक
डालग्याला कोणी हसू नका. आमच्या आजीकडे आयुष्यभर डालगीच होती. तिन्हीसांजेला ज्वारीचे दाणे टाकून "टिवटिव" केलं की सगळ्या ओसरीवर यायच्या, मग ती एकेक डालायची. वर पाटा नाहीतर दगड. बांबूच्या विणीतून वारा खेळतो, उन्हाळ्यात आत गुदमर होत नाही. पिलांची कोंबडी ठेवायला तर याहून चांगलं काही नाही, कारण आई पिलांसकट एकत्र राहते आणि दुसरी कोंबडी पिलांना टोचत नाही.

पण आजीची डालगी रात्री ओसरीवर असायची, माणसांच्या उशाशी. उघड्या परसात नव्हे. कुत्रं डालगं उलथवतं, दगड असला तरी. आणि दोन-तीन कोंबड्यांच्या वर एका डालग्याखाली नकोतच. माळरानदादा, तुमच्या आईंना मधली ओसरी किंवा ग्रिल असलेला मागचा व्हरांडा देता येत असेल तर डालगं जरूर आणा. पाच-सहा कोंबड्या परसात ठेवायच्या असतील तर ते पुरणार नाही. एक डालगं तरी घ्याच, खुडूक (अंडी उबवायला बसणारी) कोंबडी बसवायला लागेल.

सांगोलेकर
मुंगसाचं काय? आमच्याकडे मळ्यात रात्रीत चार कोंबड्या गेल्या. मुंगसानेच नेल्या, शंभर टक्के.

पशुवैद्य_बार्शी
सांगोलेकर, रात्री गेल्या असतील तर मुंगूस असण्याची शक्यता फार कमी. मुंगूस दिवसा फिरणारा प्राणी आहे, रात्री बिळात असतो. रात्रीचं काम बहुधा मांजर, रानमांजर किंवा कुत्र्याचं. पिलं आणि अंडी असतील तर घूस आणि साप. यावरून खुराड्याची रचना ठरते म्हणून हा फरक सांगतोय. बरेच लोक रात्रीची कोठडी भक्कम करतात आणि दिवसा कोंबड्या मोकळ्या सोडून कामावर जातात. मुंगूस नेमकं तेव्हा येतं. घारही दिवसाच, विशेषतः पिलांवर. घरी दिवसभर माणूस नसेल तर दिवसाच्या फिरण्याच्या जागेलाही वरून आणि बाजूंनी जाळी हवी. इथे आई घरी असणार आहेत, हे फार चांगलं.

आता मूळ प्रश्न. एका मोठ्या पक्ष्याला आत ३ ते ४ चौरस फूट आणि बाहेर फिरायला ८-१० चौरस फूट धरा. बसायची काठी पक्ष्यामागे ८ ते १० इंच. काठी दोन इंच रुंद, कडा गोल केलेली, लाकडीच. लोखंडी पाइप उन्हाळ्यात तापतो आणि पाय घसरतो. अंडी घालायचा खोका एक फूट बाय एक फूट, चार-पाच कोंबड्यांना एक पुरतो, पण दोन ठेवा. खोके काठीपेक्षा खाली ठेवा, नाहीतर रात्री त्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात.

दिशा: लांब बाजू पूर्व-पश्चिम अशी ठेवा, म्हणजे अरुंद बाजूच सकाळ-संध्याकाळच्या उन्हाला तोंड देतात. तुमची भिंत पश्चिमेला आहे. खुराड्याची अरुंद बाजू तिच्याकडे करा, भिंत दुपारचं ऊन आयतं अडवेल. मात्र चिकटवू नका, दीड-दोन फूट सोडा. भिंत स्वतः तापते आणि मागून झाडायलाही जागा हवी.

कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून लांब धरते, तेवढाच तिचा उपाय. पारा पस्तिशीच्या वर गेला की ताण सुरू होतो, चाळिशीच्या वर वारा आणि सावली नसेल तर जीव जातो. म्हणून समोरासमोरच्या दोन बाजू पूर्ण जाळीच्या ठेवा. लोक थंडीची काळजी करतात. आपल्याकडे जानेवारीत रात्री एका बाजूला पोतं सोडलं की भागतं. अडचण उन्हाची आहे.

माळरान
डॉक्टर, मनापासून आभार. हे असं कोणी सांगितलं नव्हतं. भिंतीला चिकटवूनच करणार होतो.

रेल्वे_लाइन्स
तयार लाकडी खुराड्यांबद्दल कोणीच बोललं नाही. माझ्या मेहुण्याने पुण्यात घेतलंय, दोन वर्षं मस्त चाललंय. बसवायला एक दुपार लागली. सगळं फॅब्रिकेटरकडेच करायला हवं असं नाही.

होटगी_रोड
पुण्यात चालेल हो. तुमच्या मेहुण्याच्या गच्चीवर सावली असेल. फोटोतल्या त्या पेट्या बहुतेक थंड मुलखाच्या नकलेवर केलेल्या असतात: बंद फळ्या, छोटी खिडकी, उतरतं छप्पर. आत वारा कुठून येणार? आणि "सहा कोंबड्यांसाठी" लिहिलेलं असतं, माप काढलं तर आत आठ-नऊ चौरस फूट. डॉक्टरांच्या हिशेबाने दोन नाहीतर तीन कोंबड्या.

रेल्वे_लाइन्स
मापाचं मान्य. पण बंद फळीच्या जागी जाळी मारता येते. मेहुण्याने मागची बाजू काढून तेच केलं. ज्यांना हत्यारं वापरता येत नाहीत, फॅब्रिकेटरच्या मागे फिरायला वेळ नाही, त्यांच्यासाठी दोन-तीन कोंबड्यांना हा मार्ग वाईट नाही. शेवग्याखाली ठेवायचं, पायाखाली विटा द्यायच्या म्हणजे वाळवी लागत नाही.

काळी_माती
वाळवीचा मुद्दा बरोबर. पायाखाली विटा आणि विटांखाली फरशीचा तुकडा.

विजापूर_वेस
एक वेगळी वाट. बंद पडलेल्या पोल्ट्रीचे लेयरचे, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचे, पिंजरे विकायला निघतात, तिरपी तळजाळी असलेले, अंडं आपोआप पुढे घरंगळतं. स्वस्तात मिळतात. कोणी वापरलेत का?

पशुवैद्य_बार्शी
गावरान कोंबडीला ते पिंजरे नकोत. तिला उकरायला, धुळीत लोळायला आणि रात्री काठीवर बसायला लागतं. धुळीत लोळून ती पिसांतल्या उवा-पिसवा काढते, तो तिचा नित्यनेम आहे. तारेवर ठेवली की पाय दुखावतात, एकमेकींची पिसं उपटतात.

शिवाय जुन्या पिंजऱ्यातून रोग येतो. मरेक या कोंबड्यांच्या रोगाचा विषाणू पिसांच्या धुळीत महिनोन्‌महिने टिकतो. लाल गोचीड दिवसा जोडांच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. जुनी जाळी, कूलर, काहीही आणलं तरी सोड्याच्या गरम पाण्याने घासा, ब्लो लॅम्पने जोड जाळून घ्या, कडक उन्हात आठवडाभर राहू द्या. उन्हाचा एवढा एक उपयोग सोलापुरात हमखास आहे.

पूर्व_भाग
माझ्या कूलरला डॉक्टरांची मंजुरी मिळाली असं समजतो.

पशुवैद्य_बार्शी
टबाला भोकं पाडून घ्या, पाणी साचता कामा नये. आणि दिवसा त्यात कोंबून ठेवू नका. मग मंजुरी.

गड्ड्याची_गर्दी
छपराचं कोणी सांगा. पत्रा स्वस्त, पण खाली भट्टी होते. वर कडबा टाकला तर?

सांगोलेकर
कडब्याचा भाव माहितीय का? मालदांडी ज्वारीचा कडबा जनावराच्या तोंडचा काढून कोंबडीच्या डोक्यावर घालायचा म्हणजे घरात भांडण. उसाचं पाचट टाका, ते शेतकरी जाळूनच टाकतात. सहा इंचांचा थर, वर जुन्या जाळीने बांधायचं. पावसाळ्यानंतर बदलायचं, नाहीतर उंदीर घर करतात.

वैरागची_लेक
पत्र्याला वरून चुना मारला तरी फरक पडतो. चुन्यात थोडा फेविकॉल मिसळायचा म्हणजे पहिल्या वळवाच्या पावसाला धुऊन जात नाही. पांढरा पत्रा ऊन परतवतो. छप्पर कोंबड्यांच्या डोक्यापासून जितकं उंच तितकं चांगलं, आणि पुढे दीड फूट तरी बाहेर आलेलं हवं.

होटगी_रोड
बारदान ओलं करून जाळीवर सोडायचं, हा आमचा एप्रिल-मेचा उपाय. दुपारी बारा ते पाच. आपली हवा कोरडी असल्यामुळे पाणी भराभर उडतं आणि आतली हवा थंड होते, कूलरचंच तत्त्व. मात्र चारही बाजूंना लावू नका, एक बाजू मोकळी ठेवा, वारा आरपार गेला तरच थंडावा. पावसाळी दमट हवेत याचा उपयोग नाही, उलट आत कोंदट होतं.

जुनी_मिल
ओलं बारदान म्हणे! नळाला पाणी रोज येत नाही आपल्याकडे. माणसांनी काय प्यायचं?

होटगी_रोड
भांडी विसळलेलं पाणी चालतं. दोन बारदानांना एक बादली पुरते. पिण्याचं पाणी मात्र कोंबड्यांना ताजंच लागतं, आणि उन्हाळ्यात दुप्पट लागतं. मातीच्या परळात ठेवा, सावलीत. प्लास्टिकच्या भांड्यातलं पाणी दुपारी चटका देतं, मग त्या पीतच नाहीत.

जुनी_मिल
शेजाऱ्यांचं बोला आता. आमच्या गल्लीत एकाने कोंबडा आणला, पहाटे चारला सगळी गल्ली उठायची. वादावादी झाली, पोलिसापर्यंत जायचं राहिलं.

शेंगाचटणी
गल्लीतली पोरं अभ्यासाला तरी बसली असतील की तेवढ्यात.

वैरागची_लेक
अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी घालते, फक्त त्यातून पिलू निघत नाही. शहरात नुसत्या कोंबड्या ठेवा. पिलं काढायची असतील तर गावाकडून फळलेली अंडी आणायची आणि खुडूक कोंबडीखाली ठेवायची. एकविसाव्या दिवशी पिलू. तिला कोणाची अंडी आहेत याच्याशी देणंघेणं नसतं, आजी बदकाचीसुद्धा तिच्याखाली ठेवायची. पिलं पाण्यात उतरली की ती काठावर नुसती आकांत करायची. फार वाईट वाटायचं तेव्हा मला.

गड्ड्याची_गर्दी
बदकाचं ऐकून मजा वाटली आणि वाईटही वाटलं. आमच्या शेजारी घरात अंडं न चालणारी मंडळी आहेत. त्यांची हरकत वासाला असते, कोंबडीला नसते. तेव्हा वासाचं नीट सांभाळलं तर शेजार टिकतो.

काळी_माती
वास ओलाव्यामुळे येतो. विष्ठा कोरडी राहिली तर वास नाही. तळाला चार इंच थर हवा. भाताचं तूस आपल्याकडे सहज मिळत नाही, त्याऐवजी भुईमुगाची टरफलं किंवा वखारीतला लाकडाचा भुसा. दोन दिवसांआड खालीवर करायचा, ओला भाग काढून थोडा चुना भुरकवायचा. निघालेलं खत ताजं झाडाला घालू नका, मुळं जळतात. दोन-तीन महिने कुजवा, मग शेवग्याला घाला आणि शेंगा बघा.

माळरान
सगळं आईला वाचून दाखवलं. बदकाचं ऐकून ती बराच वेळ तिच्या सुगरण कोंबडीच्या गोष्टी सांगत बसली.

मी असं ठरवतोय: तळ आणि दोन फूट भिंत विटांची न करता लोखंडी सांगाडाच, ६ बाय ४चा, पाय दीड फूट उंच, म्हणजे खालूनही वारा. सहा कोंबड्यांना २४ चौरस फूट बरोबर बसतात. लांब बाजू पूर्व-पश्चिम, भिंतीपासून दोन फूट लांब. छप्पर पत्र्याचं, वर पाचट. दिवसा फिरायला शेवग्याखाली जाळीचं कुंपण. आणि आईसाठी एक डालगं व्हरांड्यात. दोन शंका आहेत: खाली जमिनीतून उकरून येणाऱ्याचं काय करायचं? आणि खाली जाळी ठेवायची की फळी?

काळी_माती
कुंपणाच्या बाहेरून चारी बाजूंना शहाबादीचे फूट-दीड फूट रुंद तुकडे सपाट बसवा. घूस आणि कुत्रं कडेलाच उकरायला लागतं, मागे सरून उकरायचं त्याला सुचत नाही. खोदून जाळी पुरण्यापेक्षा हे सोपं, आणि काळ्या मातीत पुरलेली तार लवकर गंजते.

पशुवैद्य_बार्शी
तळाला फळी ठेवा, वर भुशाचा थर. बाहेर ओढता येणारी केली तर आईंना वाकून आत शिरावं लागणार नाही. खोक्यांना बाहेरून झाकण ठेवा, अंडी उभ्यानेच काढता येतील. चढायला शिडी लागेल, फार उभी नको. दाराला नुसती सरकती कडी पुरत नाही, मांजर आणि कुत्रं दार हलवून ती सरकवतं. कडीत खिळा किंवा कुलूप घाला.

विजापूर_वेस
पक्षी कोणते घेणार? कडकनाथ घ्या, भाव आहे.

वैरागची_लेक
भाव कशाला, त्यांना विकायचं थोडंच आहे. गावरान वर्षाला ६०-८० अंडी देते, मध्ये खुडूक बसते, पण उन्हाला काटक. अंडी जास्त हवी असतील तर हैदराबादच्या संशोधन संस्थेने काढलेली ग्रामप्रिया आहे, परसात गावरानच्या दुप्पट तरी देते. आईंना खुडूक कोंबडी आणि पिलं बघायची असतील तर गावरानच.

पशुवैद्य_बार्शी
एक दिवसाची पिलं उन्हाळ्याच्या तोंडावर आणू नका. पहिल्यांदाच पाळताय तर दोन-अडीच महिन्यांच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) घ्या, पावसाळा सरल्यावर, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्या जागेला रुळतात. घेताना लसीकरण विचारा: पहिल्या आठवड्यात लासोटा, म्हणजे मानमोडीची (राणीखेत रोगाची) पहिली लस, आठव्या आठवड्याच्या आसपास तिचीच दुसरी लस, आणि देवीची. मानमोडी आली तर आठवड्यात खुराडं रिकामं होतं, तिच्यावर औषध नाही, फक्त लस. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. लसीची कुपी बहुतेक शंभर पक्ष्यांची असते आणि एकदा फोडून कालवली की दोन-एक तासांतच संपवावी लागते, म्हणून गल्लीतल्या सगळ्या कोंबडीवाल्यांनी एकाच वेळी गोळा व्हायचं.

पूर्व_भाग
माळरान मालक, तुमच्या बाजूला अजून कोण पाळतं विचारून ठेवा. आमच्या गल्लीतले आम्ही पाच-सहा जण मिळून एकच कुपी आणतो. बर्फाचा थर्मास लागतो, तो माझ्याकडे आहे, लागला तर सांगा.

माळरान
दोन घरं सोडून एक काकू पाळतात म्हणे, आईने माझ्याआधी ओळख काढली. थर्माससाठी निरोप पाठवतो.